कुलाब्याच्या खासदाराचा राजीनामा

खोपोलीत घाटाच्या पायथ्याला उभं राहून वर पाहिलं की डोंगराच्या अंगावरून उतरणारे टाटांचे जाडजूड पाइप दिसतात. वळवण, शिरवटा आणि लोणावळा या तलावांत अडवलेला सह्याद्रीचा पाऊस पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून त्यांतून खाली येतो, वीजघरातली टर्बाइनं फिरवतो आणि पाताळगंगेला जाऊन मिळतो. भर उन्हाळ्यातही पाताळगंगा वाहती राहते ती याच पाण्यामुळे. हे वीजघर १९१५ साली सुरू झालं, पण खोपोलीला उजेड मिळावा म्हणून ते बांधलेलं नव्हतं. तारा थेट मुंबईत परळपर्यंत गेल्या, गिरण्या चालवायला. १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरीचं वीजघर उभं राहिलं आणि १९२७ मध्ये मुळशीचं पाणी घाटाखाली उतरवून भिऱ्याचं. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभं राहून सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. धरण व्हायचं ते झालंच.

तिन्ही वीजघरं तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या रायगडमधली. कुलाब्याने मुंबईला वीज दिली तशी माणसंही दिली. परळ-लालबागच्या चाळींत राहणारा, साच्यावर उभा राहणारा, गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी याच पट्ट्यातला आणि रत्नागिरीकडचा. म्हणून १९५५-५६ मध्ये ‘मुंबई कोणाची’ हा वाद पेटला तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने बोलणाऱ्यांना मुद्दा शोधत बसावं लागलं नाही. पाणी तानसा-वैतरण्याचं, वीज खोपोली-भिवपुरी-भिऱ्याची, घाम कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसाचा. मग शहर महाराष्ट्राबाहेरचं कसं? समोरच्यांचं उत्तर होतं की भांडवल आमचं, पेढ्या आमच्या, गिरण्या आमच्या. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच वाद सुटेना.

या वादात ज्या माणसाने केंद्रातलं सगळ्यात वजनदार खातं सोडलं आणि ते का सोडलं हे भर लोकसभेत उभं राहून सांगितलं, तो कुलाबा मतदारसंघाचाच खासदार होता. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. लोक सी. डी. म्हणत.

सी. डी. मोर्च्यातले नव्हते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी त्यांचा जन्म झाला. गाव रायगड किल्ल्याच्या वाटेवरचं. वडील रोह्याला वकील होते, म्हणून बालपण कुंडलिकेच्या काठी गेलं. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, तिथेही बक्षीस. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिले. माणसाला सवय लागावी इतक्यांदा पहिले येत गेले.

टिळक त्या सुमाराला चिरोल खटल्यासाठी लंडनमध्ये होते. देशमुख त्यांना भेटले आणि सरकारी नोकरी न पत्करता देशकार्याला लागावं का, असं त्यांनी विचारलं. टिळकांनी उलटाच सल्ला दिला: नोकरीत जा, राज्य कसं चालतं ते शिकून घ्या, उद्या देशाला त्याचा उपयोग होईल. असंतोषाच्या जनकाने हा सल्ला द्यावा याचं आजही नवल वाटतं. देशमुखांनी मात्र तो अक्षरशः पाळला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वीस वर्षं सनदी नोकरी केली, १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. त्या खुर्चीत बसलेले ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्सला गेलेल्या हिंदी शिष्टमंडळात ते होते आणि त्याच वर्षी त्यांना ‘सर’ किताबही मिळाला.

इथे याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नातेवाइकांच्या आधाराने शिकले आणि वकिलीची पदवी मिळवली. ज्या काळात त्यांच्या समाजातला पदवीधर वकील हाताच्या बोटांवर मोजावा, त्या काळात ही पदवी म्हणजे सगळ्या घराच्या सुटकेचा दाखला होता. ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. आसपासच्या आदिवासी आणि शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या चालवल्या. १९४२ ची हाक आली तेव्हा वकिली राहिली बाजूला आणि कर्जत-मुरबाडच्या डोंगरात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. दस्त्याने नेम धरला तो मुंबईकडे वीज नेणाऱ्या मनोऱ्यांवर. मनोरे पडले की युद्धाचा माल काढणाऱ्या गिरण्या आणि कारखाने थांबतील, असा तो हिशेब होता. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि मानिवलीचा तरुण हिराजी पाटील तिथे गोळीने मारले गेले. कोतवालांनी तिशी नुकतीच ओलांडली होती.

एकाच जिल्ह्यातली दोन माणसं, एकच साल, एकच राज्यकर्ता. जानेवारीत एकाला गोळी आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्याला देशाची मध्यवर्ती बँक. यावरून देशमुखांना खाली खेचण्याचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. टिळकांनी दाखवलेली वाट ते चालत होते आणि त्या वाटेवर गप्प राहणं हा कामाचाच भाग होता. पण त्यांच्या पुढच्या धाडसाची मापं काढताना सिद्धगड नजरेआड करता येत नाही. त्रेचाळीस साली देशमुखांना आपल्या मतांची किंमत मोजावी लागली नाही. ती वेळ तेरा वर्षांनी आली, आणि आली ती स्वराज्यात.

१९५० मध्ये जॉन मथाई यांनी नियोजन आयोगाच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं आणि नेहरूंनी देशमुखांना बोलावलं. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळातली. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १ जुलै १९५५ ला, त्यांच्याच हातून. त्यांनी कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठीत आणलं होतं आणि ते संस्कृतात श्लोक रचत; अंदाजपत्रकाच्या आकड्यांशी लढताना असं एखादं दुसरं घर असलेलं बरं. पहिल्या पत्नी रोझिना इंग्रज. त्यांच्या निधनानंतर, १९५३ मध्ये, नियोजन आयोगाच्या सदस्य दुर्गाबाईंशी त्यांनी विवाह केला, त्या तेलुगू. देशमुखांना भाषिक संकुचितपणाचं लेबल चिकटवणं त्यांच्या विरोधकांनाही अवघड गेलं, ते या चरित्रामुळे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून लोकसभेवर गेले. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी कोणाकडे मत मागितलेलं नव्हतं. वरिष्ठांना उत्तर देत आलेला माणूस आता मतदारांना उत्तर देणं लागत होता. हा बदल त्यांच्या स्वतःच्या कधी ध्यानात आला हे सांगता येणार नाही, पण १९५६ च्या जानेवारीत तो उघड्यावर आला.

तिथवरचा घटनाक्रम भराभर सांगतो. राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ अखेर अहवाल दिला: मराठी आणि गुजराती मुलखाचं मिळून एक द्विभाषिक मुंबई राज्य करावं, विदर्भ वेगळा ठेवावा. आंध्र तेलुगूंना, केरळ मल्याळींना, कर्नाटक कानडींना. मराठी माणसालाच तेवढं वेगळं माप का, हा सवाल घराघरांत गेला. मग काँग्रेस श्रेष्ठींनी तीन राज्यांचा तोडगा काढला: महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहराचं तिसरंच राज्य. नोव्हेंबरच्या २० तारखेला चौपाटीच्या सभेत मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांनी मुंबई महाराष्ट्राला कधीच मिळणार नाही, पाच हजार वर्षांतही नाही, अशी भाषा केली. सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, विधानभवनाकडे निघालेल्या मोर्च्यावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि १५ माणसं मेली.

१६ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी नेहरूंनी आकाशवाणीवरून देशाला सांगितलं की मुंबई केंद्रशासित राहील. गिरगाव, परळ, लालबाग, काळाचौकी इथे लोक रस्त्यावर उतरले आणि पुढचा आठवडाभर मुंबईत गोळीबार होत राहिला. हुतात्मा चौकात ज्यांची नावं कोरली आहेत त्या शंभराहून अधिक माणसांतले बहुतेक या आठवड्यातले.

याच आठवड्यात, १९ जानेवारीला, अर्थमंत्री देशमुखही आकाशवाणीवर बोलले. विषय होता आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण. देशातल्या २४५ विमा संस्था एका वटहुकमाने सरकारने ताब्यात घेतल्या होत्या. आजचं आयुर्विमा महामंडळ त्यातून जन्मलं. बातमी फुटू नये म्हणून कमालीची गुप्तता पाळलेली होती. त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा निर्णय. तो देशाला समजावून सांगताना त्यांच्याच मतदारसंघाचे मुलगे, भाऊ, भाचे मुंबईच्या रस्त्यांवर पडत होते. खोपोलीच्या विजेवर चालणाऱ्या गिरण्या बंद पडल्या होत्या. या खेपेला मनोरे पाडावे लागले नव्हते.

देशमुखांनी त्याच महिन्यात नेहरूंना राजीनामा देऊ केला. नेहरूंनी तो थांबवला. अंदाजपत्रक तोंडावर होतं, दुसरी पंचवार्षिक योजना सुरू व्हायची होती, आणि मुंबईचा निर्णय अजून बदलू शकेल अशी आशा दोघांनाही असावी. देशमुख थांबले. २९ फेब्रुवारीला त्यांनी नेहमीच्या शांतपणे अंदाजपत्रक मांडलं.

जुलैपर्यंत थांबण्याच्या या पाच-सहा महिन्यांवरून त्यांच्यावर टीका झाली. जानेवारीत लोक मरत असताना खुर्ची का सोडली नाही, हा प्रश्न मराठी मुलखात विचारला गेला आणि तो रास्त होता. त्याला माझ्यापुरतं एकच उत्तर सापडतं. तीस वर्षं फाइलवर टिपण लिहिलेल्या माणसाचा विश्वास असतो की टिपण नीट लिहिलं तर वरचा माणूस आज ना उद्या ते वाचेल. देशमुख मंत्रिमंडळात टिपणं लिहीत राहिले. दरम्यान ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, अत्रे, एस. एम. जोशी, डांगे यांच्या सभांना लाखांची गर्दी होऊ लागली. मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करावी ही मागणी मात्र मुंबई सरकारने आणि दिल्लीने धुडकावून लावली. देशमुखांची नेमकी हीच मागणी होती. आंदोलकांची बाजू घेण्याआधी त्यांनी वस्तुस्थिती तपासायला सांगितली होती आणि तीच नाकारली गेली.

३ जून १९५६ ला मुंबईत काँग्रेस महासमितीच्या अधिवेशनात नेहरूंनी जाहीर केलं की मुंबई पाच वर्षं केंद्राच्या ताब्यात राहील, मग पुढचं ठरवू. अर्थमंत्र्यांना ही घोषणा इतरांसारखीच कळली. मंत्रिमंडळात तिची चर्चा झाली नव्हती. जुलैमध्ये देशमुखांनी राजीनामा पुढे रेटला आणि या वेळी तो मंजूर झाला.

२५ जुलै १९५६ रोजी ते लोकसभेत निवेदन करायला उभे राहिले. राजीनामा देणाऱ्या मंत्र्याला प्रकृतीचं कारण सांगण्याची सोय नेहमीच असते. मागच्या बाकावर जाऊन गप्प बसण्याचीही असते. देशमुखांनी दोन्ही सोयी नाकारल्या. पंतप्रधानांवर त्यांचा पहिला आरोप कार्यपद्धतीचा होता: इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता, बेफिकिरीने आणि घटनाबाह्य रीतीने जाहीर केला गेला. दुसरा आरोप गोळीबाराच्या चौकशीला दिलेल्या नकाराचा. आणि तिसरा, जो दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत गेला: महाराष्ट्राविषयी मनात आकस आहे.

नेहरूंनी हे सारं नाकारलं. पुनर्रचनेच्या प्रश्नावर जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच कशावर झाली असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या बाजूनेही बोलता येतं. आकस हा शब्द नेहरूंच्या बाबतीत मला आजही जड वाटतो. मुंबईच्या भांडवलदारांचा धाक, मोरारजींचा हट्ट आणि फाळणीनंतर भाषावार विभागणीची वाटणारी भीती, या तिन्हींचा गुंता त्यांच्याकडून सुटला नाही, असं म्हणणं जास्त खरं ठरेल. पण पहिल्या आरोपाला त्यांच्याकडे पटण्यासारखं उत्तर नव्हतं. मंत्रिमंडळ हे पंतप्रधानाच्या घोषणा ऐकण्याची जागा आहे की निर्णय घेण्याची, हा देशमुखांचा प्रश्न महाराष्ट्राच्या प्रश्नाहून मोठा होता, आणि मराठी स्मरणात आकसाचा आरोप राहिला, हा प्रश्न पुसट झाला. आपण त्यांना ‘महाराष्ट्राचे’ करून टाकलं आणि त्यांच्या राजीनाम्याचा अर्धा अर्थ गमावला.

इतरांनी काय केलं? हरी विनायक पाटसकर केंद्रात कायदे खात्यात मंत्री होते. ते राहिले, आणि १९५७ मध्ये मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले. यशवंतराव चव्हाणांनी १९५५ च्या डिसेंबरात फलटणला सांगून टाकलं होतं की नेहरू आणि महाराष्ट्र यांत निवडायची वेळ आली तर ते नेहरूंना निवडतील. त्यासाठी त्यांना मराठी मुलखात शिव्या खाव्या लागल्या. मात्र द्विभाषिकाचं मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आलं आणि चार वर्षांनी महाराष्ट्राचा मंगल कलशही. चव्हाण आत राहिले म्हणून राज्य मिळालं, असं म्हणणारे आहेत. समितीने रान उठवलं नसतं तर आत राहून काही हाती लागलं नसतं, असं म्हणणारेही आहेत. मला दुसरी बाजू अधिक पटते, पण चव्हाणांनी फलटणला जे म्हटलं ते उघडपणे म्हटलं आणि त्याचे परिणाम सोसले, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. आतून एक आणि बाहेर एक बोलणारे तेव्हाही पुष्कळ होते. त्यांची नावं कोणी लक्षात ठेवलेली नाहीत.

देशमुखांच्या राजीनाम्याने काय साधलं? लगेच पाहिलं तर काही नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये लोकसभेने केंद्रशासित मुंबईची कल्पना सोडली खरी, पण तिच्या जागी सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ, मराठवाडा सगळं एकत्र करून प्रचंड द्विभाषिक राज्य आणलं. महाराष्ट्राला ते नको होतं आणि गुजरातलाही. अहमदाबादेत लगेच दंगे आणि गोळीबार झाला. निवेदनानंतर पंधरवड्याच्या आत तोडगा बदलला याचं श्रेय एकट्या देशमुखांना देता येत नाही. बऱ्याच खासदारांनी त्यासाठी जोर लावला होता. मात्र तोवर संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन म्हणजे कम्युनिस्टांनी आणि गुंडांनी पेटवलेली दंगल, असं दिल्लीत सर्रास बोललं जाई. अर्थमंत्र्याच्या निवेदनानंतर ते तसं बोलणं अवघड झालं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईत समितीने काँग्रेसला झोपवलं, खुद्द चव्हाण कऱ्हाडला थोडक्यात बचावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आलेल्या नेहरूंचं स्वागत काळ्या निशाणांनी झालं. १ मे १९६० ला राज्य आलं. बेळगाव राहिलं.

आणि देशमुखांना याची किंमत काय पडली? अर्थखातं टी. टी. कृष्णमाचारींकडे गेलं. दीड वर्षात त्यांनाही ते सोडावं लागलं, मुंदडा प्रकरणात, आणि तेही देशमुखांनीच घडवलेल्या आयुर्विमा महामंडळाच्या पैशांवरून. देशमुख साठीत होते, प्रकृती ठणठणीत, देशात त्यांच्या तोडीचा अर्थप्रशासक दुसरा नाही. पण पुन्हा कधी ते मंत्री झाले नाहीत. निवडणुकीचं राजकारण तिथेच संपलं. मात्र उपासमार झाली नाही, हेही स्वच्छ सांगायला हवं. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. नेहरूंच्या सरकारने त्यांना ही जागा दिली, हे नेहरूंच्याही मोठेपणाचं. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी. ज्या माणसाच्या अंगी एवढी विद्या आणि नावावर एवढा मान आहे त्याला राजीनामा परवडतो. माथेरानच्या वकिलाकडे मागे पडायला अशी गादी नव्हती.

तरीही एक गोष्ट देशमुखांच्या बाजूने जाते. सुरक्षित जागा मिळाल्यावर ते गप्प बसले नाहीत. १९५९ मध्ये, अनुदान आयोगाच्या खुर्चीवर असताना, त्यांनी मद्रासच्या भाषणात मागणी केली की सत्तेवरच्या लोकांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासायला एक कायमचं, निःपक्षपाती न्यायाधिकरण नेमावं. नेहरूंना ते रुचलं नाही. आधी पुरावे द्या, असं म्हणणं पुढे आलं. देशमुखांनी आधी न्यायाधिकरण नेमा, मग प्रकरणं देतो, असा पवित्रा घेतला. न्यायाधिकरण झालं नाही. पण काही वर्षांतच संथानम समिती नेमावी लागली आणि १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने त्यांना उभं केलं. त्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पाठिंब्याने व्ही. व्ही. गिरी जिंकले, अधिकृत काँग्रेस उमेदवार नीलम संजीव रेड्डी हरले आणि देशमुख तिसरे आले. आयुष्यात बहुधा प्रथमच. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं. त्याच्या आदल्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं होतं.

आज कर्जत-खालापुरात भाई कोतवालांचं नाव घेतलं जातं; सिद्धगडावर २ जानेवारीला लोक जमतात. देशमुखांच्या वाट्याला स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतली एक ओळ आली आहे: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ही ओळ खरी आहे, पण ती १९४३ ची आहे, परक्या सरकारने दिलेल्या बढतीची. १९५६ ची ओळ त्यांनी स्वतः मिळवली होती. त्या दिवशीचं निवेदन लोकसभेच्या कामकाजात छापलेलं आहे आणि संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात ते कोणालाही वाचता येतं. रायगड जिल्ह्यातल्या इतिहासाच्या शिक्षकांनी ते एकदा मराठीत उतरवून वर्गात ठेवावं, सोबत नेहरूंचं उत्तरही ठेवावं, आणि कोणाचं बरोबर ते मुलांना ठरवू द्यावं.